महाराष्ट्राला पूर्णवेळ राज्यपाल कोण मिळणार? अंदाज सांगा, कारणांसकट

परळची_बाई | १७ सप्टेंबर २०२५

नमस्कार मंडळी,

सी. पी. राधाकृष्णन उपराष्ट्रपती झाले आणि परवा सोमवारी गुजरातचे राज्यपाल आचार्य देवव्रत यांनी राजभवनात संस्कृतमधून शपथ घेऊन महाराष्ट्राचा अतिरिक्त कार्यभार स्वीकारला. आता पूर्णवेळ राज्यपाल म्हणून दिल्ली कोणाला पाठवेल, याबद्दल तुमचे अंदाज हवे आहेत. नुसती नावं नकोत, कारणंही द्या. मला ती वर्गात न्यायची आहेत.

मी परळला एका कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. काल बारावीच्या तासाला एका मुलीने विचारलं, "बाई, माझी मावशी न्यू जर्सीला असते, तिथे ४ नोव्हेंबरला गव्हर्नरची निवडणूक आहे. आपल्याकडे उमेदवार कोण कोण आहेत?" बाकीची मुलं हसली. मला प्रश्न फार आवडला. आपल्या घटनेच्या मसुद्यातही राज्यपाल निवडून देण्याची तरतूद होती. लोकांनी निवडलेला राज्यपाल आणि लोकांनीच निवडलेला मुख्यमंत्री समोरासमोर उभे ठाकले तर कोणाचं ऐकायचं, या चिंतेतून घटना समितीने मे १९४९मध्ये ती सोडली आणि नेमणूक राष्ट्रपतींकडे दिली. म्हणजे उमेदवार आहेतच, अर्ज मात्र कोणी भरत नाही आणि यादी कोणाला दिसत नाही. कलम १५७ एवढंच सांगतं की माणूस भारताचा नागरिक हवा आणि वयाची ३५ वर्षं पुरी झालेली हवीत.

मग अंदाज बांधायचा कशावरून? मी आधीच्या नेमणुका मांडून पाहिल्या. एस. एम. कृष्णा कर्नाटकचे माजी मुख्यमंत्री, एस. सी. जमीर नागालँडचे माजी मुख्यमंत्री, के. शंकरनारायणन केरळचे जुने मंत्री, विद्यासागर राव वाजपेयी सरकारातले राज्यमंत्री, भगतसिंह कोश्यारी उत्तराखंडचे माजी मुख्यमंत्री. सगळे राजकारणात केस पांढरे केलेले आणि सगळे बाहेरच्या राज्यांतले. पी. सी. अलेक्झांडर यांच्यासारखा प्रशासनातून आलेला आणि नऊ वर्षं टिकलेला माणूस त्यांच्यानंतर आपल्याकडे आलेला नाही. शेवटचे दोघे तर एकाच वाटेने आले. रमेश बैस झारखंडला १९ महिने होते, तिथून मुंबईला. त्यांच्या जागी झारखंडला राधाकृष्णन गेले आणि १७ महिन्यांनी तेही मुंबईला.

म्हणून माझा पहिला अंदाज संतोष गंगवार. जुलै २०२४पासून ते रांचीच्या राजभवनात आहेत. बरेलीहून आठ वेळा खासदार, केंद्रात श्रममंत्री, आवाज न चढवणारा माणूस. दुसरा अंदाज कर्नाटकचे थावरचंद गेहलोत. ते जुलै २०२१ला बंगळुरूला गेले, म्हणजे पुढच्या जुलैत त्यांची पाच वर्षं भरतात. आनंदीबेन पटेल यांचं नावही मुलांनी घेतलं. उत्तर प्रदेशात त्यांना सहा वर्षं होऊन गेली आहेत आणि विजयालक्ष्मी पंडित १९६४मध्ये गेल्यापासून आपल्या राजभवनात एकही स्त्री राज्यपाल आलेली नाही, म्हणून मला ते नाव मनापासून आवडेल. तरीही दिल्ली ते टाळेल असं वाटतं. मुंबई कोणाची यासाठी १०० हून जास्त माणसांनी जीव दिलेलं हे शहर आहे. गुजरातच्या माजी मुख्यमंत्र्यांना मलबार हिलवर कायमचं बसवलं, तर त्या स्वतः कितीही चांगल्या वागल्या तरी पहिल्या दिवसापासून वेगळाच वाद सुरू होईल. गुजराती आणि राजस्थानी माणसं गेली तर मुंबईत पैसाच उरणार नाही, हे कोश्यारींचं जुलै २०२२चं अंधेरीतलं वाक्य लोक अजून विसरलेले नाहीत.

तुम्हाला काय वाटतं?

---

मोडीवाचक | १७ सप्टेंबर

बाई, सुमित्राताई महाजन कशा राहिल्या? जन्म चिपळूणचा, कारकीर्द इंदूरची, आठ वेळा लोकसभेत, पाच वर्षं अध्यक्षपदावर. २०१९नंतर निवडणुकीच्या राजकारणात नाहीत. सरकारिया आयोगाने १९८८मध्ये जे सांगितलं, की राज्यपाल बाहेरच्या राज्यातला असावा आणि नजीकच्या काळात सक्रिय राजकारणात नसावा, ते त्यांना तंतोतंत लागू पडतं. वर मराठी घरची! विद्यापीठाच्या दीक्षान्त समारंभात कुलपती म्हणून राज्यपाल मराठीत बोलताना ऐकायला किती बरं वाटेल. राजभवन रिकामं झालं की दर वेळी त्यांचं नाव चर्चेत येतं आणि दर वेळी मागे पडतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

---

कळव्याचा_नांदेडकर | १७ सप्टेंबर

आज मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, म्हणून लिहितोच. नाव कोणाचंही येवो, मला एकच विचारायचं आहे: त्यांनी कलम ३७१(२) वाचलेलं असेल का? विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्या विकास मंडळांची आणि निधीच्या समन्यायी वाटपाची विशेष जबाबदारी राष्ट्रपतींच्या आदेशाने आपल्या राज्यपालांवर आहे. फार थोड्या राज्यपालांकडे असं काम असतं. १९९४ला मंडळं झाली, ३० एप्रिल २०२०ला मुदत संपली. आमच्याकडचा सिंचनाचा अनुशेष कोणी मोजायचा? पाहुणा राज्यपाल अहमदाबादहून येऊन हे बघेल असं मला वाटत नाही. माणूस इथे राहणारा हवा आणि निदान तीन वर्षं तरी राहणारा हवा.

---

परळची_बाई | १७ सप्टेंबर, रात्री

मोडीवाचक, सुमित्राताईंचं नाव मी मुद्दाम घेतलं नव्हतं, कारण त्यांचं वय आता ८२ आहे. पण तुमचं कारण पक्कं आहे, वर्गात सांगेनच.

नांदेडकर, तुमचा मुद्दा मला सगळ्यात जवळचा वाटतो. राज्यपाल म्हणजे झेंडावंदन आणि अभिभाषण असंच मुलांच्या डोक्यात बसलंय. महाराष्ट्रात त्या टेबलावर किती कामं पडतात, हे नेमणूक करताना बघितलं जावं असं मला कळकळीने वाटतं. विधान परिषदेच्या ७८ पैकी १२ जागा राज्यपालांनी भरायच्या असतात आणि साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवा इथली माणसं घ्यायची असतात. ना. धों. महानोर अशाच जागेवरून शेतीपाण्यावर बोलत. नोव्हेंबर २०२०मध्ये मंत्रिमंडळाने १२ नावं पाठवली. ऑगस्ट २०२१मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की आठ महिने हा वाजवी काळ होऊन गेला. तरी सही झाली नाही, सरकारच बदललं. शेवटी ऑक्टोबर २०२४मध्ये, निवडणूक जाहीर होण्याच्या दिवशी, सात जणांचा शपथविधी झाला. पाच जागा अजून रिकाम्या आहेत. कुठल्या पक्षाचा फायदा झाला हा वाद बाजूला ठेवा. सभागृहात चार वर्षं लेखक नव्हता, शास्त्रज्ञ नव्हता, आणि त्याचं कोणाला काही वाटलं नाही.

---

सातरस्ता | १८ सप्टेंबर

मी मंत्रालयात नोकरी करून निवृत्त झालो. बाईंचे अंदाज वाचले, पण मला वाटतं आपण घाई करतोय. नवं नाव इतक्यात येणारच नाही. अतिरिक्त कार्यभार म्हणजे चार दिवसांची सोय असं लोक समजतात. आपल्याच विद्यासागर रावांकडे सप्टेंबर २०१६ला तमिळनाडूचा कार्यभार दिला, तो ऑक्टोबर २०१७पर्यंत, वर्षाहून जास्त काळ, त्यांच्याकडेच राहिला. १९५६च्या सातव्या दुरुस्तीपासून एकाच व्यक्तीला दोन राज्यं देता येतात, त्यामुळे कायद्याची काहीच अडचण नाही. देवव्रतांनाही गुजरातमध्ये सहा वर्षं झाली आहेत. नैसर्गिक शेतीच्या कामामुळे वर त्यांच्याबद्दल मत चांगलं आहे. ते मूळचे हरियाणाचे, त्यामुळे बाईंनी म्हटलेला गुजरातचा प्रश्न त्यांना तसा लागू होत नाही. उद्या त्यांनाच इथे कायम केलं आणि गांधीनगरला दुसरा कोणी पाठवला, तर मला नवल वाटणार नाही.

आणि नांदेडकर, फाइल अडत नाही. दोन राज्यांचे राज्यपाल असले तरी सही होते.

---

जव्हारकर | १८ सप्टेंबर

सातरस्ता साहेब, सही होते हे कबूल. पण विद्यासागर रावांचंच उदाहरण पुढे न्या. फेब्रुवारी २०१७मध्ये चेन्नईत मुख्यमंत्री कोण यावरून रण पेटलं होतं, ५ तारखेला सत्ताधारी अण्णाद्रमुकच्या आमदारांनी शशिकलांची नेतेपदी निवड केली आणि राज्यपाल मुंबईहून तिथे पोचले ९ तारखेला. चार दिवस एक राज्य ताटकळत होतं. तीच वेळ उद्या आपल्यावर आली तर?

मी शिक्षक, नोकरी जव्हारला, घर दहिसरला. आमचा तालुका घटनेच्या पाचव्या अनुसूचीत, म्हणजे आदिवासी भागांसाठीच्या खास तरतुदींखाली येतो. मुंबईतल्या माणसाला राजभवन म्हणजे वाळकेश्वरच्या टोकाचा बंगला, आमच्याकडे राज्यपालांच्या एका अधिसूचनेने कायदा बदलतो. मे २०२०मध्ये कोश्यारींनी अशीच एक अधिसूचना काढली. जिल्हा समितीने वनहक्काचा दावा फेटाळला की तिथेच विषय संपायचा, त्या अधिसूचनेमुळे विभागीय समितीकडे अपील करता येऊ लागलं. कोश्यारींच्या बाकीच्या वागण्यावर लोक रागावले, मीही रागावलो. शिवाजी महाराजांबद्दलचं ते बोलणं मी कधीच मान्य करणार नाही. पण पाड्यावरच्या म्हाताऱ्याला दावा पुन्हा मांडता आला, तो त्यांच्या सहीमुळे, हेही खरं आहे. म्हणून माझी पसंती आदिवासी भागाची ओळख असणाऱ्या माणसाला. रमेश बैस छत्तीसगडचे होते, झारखंडहून आले होते. त्यांच्याकडून फार आशा होती, पण दीड वर्षातच बदली झाली.

---

मोडीवाचक | १८ सप्टेंबर

दीड वर्षाचा मुद्दा महत्त्वाचा. कोश्यारी गेल्यापासून दोन पूर्णवेळ राज्यपाल झाले आणि आता तिसरे प्रभारी. मुदत पाच वर्षांची म्हणायची, पण कलम १५६ प्रमाणे सगळं राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत. २०१०च्या सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केंद्रातलं सरकार बदललं एवढ्या कारणाने राज्यपाल काढता येणार नाही. बदलीला मात्र कुठलीच आडकाठी नाही. शंकरनारायणन यांना २०१४मध्ये मिझोरामला पाठवायचं ठरलं तेव्हा त्यांनी राजीनामाच दिला.

---

परळची_बाई | १८ सप्टेंबर, रात्री

सगळ्यांचे आभार. आज तासाला तुमची कारणं फळ्यावर लिहिली. मुलांनी आपणहून मत मांडलं आणि सर्वांत जास्त हात सुमित्राताईंसाठी वर झाले, त्यातही मुलींचे. माझं पहिलं नाव अजून गंगवारच आहे, कारण दिल्ली आवडीपेक्षा सवयीने नेमणूक करते असं मागचं सगळं सांगतं. जव्हारकर, तुमच्या मुद्द्यानेही तेच नाव पुढे येतं. झारखंडमध्येही पाचव्या अनुसूचीचे जिल्हे मोठ्या संख्येने आहेत, ते काम त्यांनी वर्षभर तरी जवळून पाहिलेलं असेल.

सातरस्ता, तुमचं म्हणणं खरं ठरण्याची शक्यता मला आता कालच्यापेक्षा जास्त वाटते. देवव्रतांना इथे कायम केलं तर माझी तक्रार नाही. फक्त गांधीनगर सोडून त्यांनी इथे राहावं. न्यू जर्सीची मावशी असलेल्या मुलीने आज पुन्हा हात वर केला. त्या पाच जागा भरायला शेवटची तारीख कोणती, असं तिने विचारलं. मी कलम १७१ तिच्याकडूनच मोठ्याने वाचून घेतलं. त्यात पाच क्षेत्रांची नावं आहेत, तारीख नाही.