घरची ओढाताण मुलीपासून लपवावी का?

नवरा कारखान्यात शिफ्टला, मी घरी शर्टांना काजं-बटणं करते. या महिन्यात त्याचे खाडे फार झाले. नववीतली लेक म्हणाली, "सहलीला नाही जायचं, कंटाळा येतो." दप्तरात सहलीचा कागद सापडला, चार घड्या घालून लपवलेला. तिला सगळं सांगू का?

— तिला कळलंय हो! मीही 'आवडत नाही' असंच म्हणायचे. बुटाला भोक पडलं तर आतून पुठ्ठा. आईने एकदा शेजारी बसवून हिशेबाची वही दाखवली. त्या रात्री गाढ झोपले.

— सांगा, पण धाकटं भावंड असेल तर त्याला सांभाळायला तिला शाळा बुडवायला लावू नका. माझी तशीच सुटली, आधी फक्त सोमवार.

— सही केली कागदावर. घड्या काही जाईनात.