आधी भाकर, मग पुढचं

ताई, सकाळी अंथरुणातून उठवत नाही, प्रार्थनेला शब्द सुचत नाहीत, म्हणजे विश्वासच कमी पडतोय का, असं तुम्ही विचारलंत. वर कुणी 'जास्त वेळ प्रार्थना करा' म्हटलंय. मला ते पटलं नाही.

बायबलातल्या '1 राजे' या पुस्तकात, अध्याय 19 मधला एलीया बघा. एवढा मोठा संदेष्टा, पण रानात झुडपाखाली बसून 'आता पुरे, माझा प्राण घे' म्हणतो आणि झोपी जातो. देव त्याला रागावत नाही. दूत येऊन त्याला उठवतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी असतं. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो! दूत परत येतो, परत खायला लावतो. देवाच्या डोंगराची, होरेबची वाट त्यानंतर.

आमच्या गोव्यात, म्हापशाला सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा भोंपू वाजला की अशा दिवशी मी तेवढ्यासाठी खाली उतरते. गरम पोई (कोंड्याचा पाव), बोटांना लागलेला कोंडा, चहा, आणि बायबलातलं एकच स्तोत्र मोठ्याने. फारच अंधारून आलं असेल तर 88वं. ते शेवटपर्यंत काळोखातच राहतं, तरी ती प्रार्थनाच आहे. मला त्याचा फार आधार वाटतो.

चर्चमध्ये मिस्साला गेलात तर मागच्या बाकावर नुसतं बसा. बाकीचे म्हणतात ती प्रार्थना तुमच्यासाठीही असते.

आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर डॉक्टरांकडे जाच. बायबलात प्रेषित पौल आपल्या सोबत्याला, लूकला 'प्रिय वैद्य' म्हणतो. औषध घेणं म्हणजे विश्वास सोडणं नव्हे. गोव्यातच बांबोळीला मानसोपचाराचं सरकारी इस्पितळ आहे. सोबत हवी असेल तर सांगा, मी येईन.