मदत हवी आहे: २५ अंकी संख्येची पडताळणी १७व्या पायरीवर का अडते?

त्रैराशिक:
३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५ या संख्येचे डावीकडून पहिले २ अंक घेतले तर त्यांना २ ने भाग जातो, पहिले ३ घेतले तर ३ ने, असं करत शेवटी अख्ख्या संख्येला २५ ने. स्प्रेडशीटमध्ये १६ अंकांपर्यंत सगळं जुळतं, १७ पासून बिघडतं. संख्या उतरवताना चूक झाली आहे का? आणि हा गुण असलेली याहून मोठी संख्या नाही म्हणतात, ते कशावरून?

बाकीशून्य:
संख्या बरोबर आहे. स्प्रेडशीट डावीकडचे १५ अंकच जपते, पुढच्या जागी शून्य भरते. इथे १६वा अंक मुळातच ० आहे, म्हणून ती पायरी सुटली. १७वा अंक ७, त्याचाही ० झाला आणि गाडी अडली.

सेल आधी 'टेक्स्ट' करा, मगच संख्या टाका. नंतर फॉरमॅट बदलून गेलेले अंक परत येत नाहीत. मग एकेका सेलमध्ये एकेक अंक सुटा करा आणि बाकी पुढे नेत चला: आधीची बाकी गुणिले १०, अधिक पुढचा अंक, त्याला भाजकाने भागून नवी बाकी. ३६०८५२८ ला ७ ने भागताना बाक्या येतात ३, १, ३, ३, ०, २, ०. भाजक २५ असला तरी आकडा २४९ च्या वर जातच नाही, त्यामुळे अंक गळायचा प्रश्नच उरत नाही.

मूळसंख्या:
पायथॉनमध्ये पूर्णांक कितीही लांब चालतो, पण बाकी % ने काढा. साध्या / ने भागून 'उत्तर पूर्णांक आलं का' असं पाहिलंत तर तिथेही हीच चूक होईल.

२६व्या अंकाचं कागदावरच होतं, आणि ते फार देखणं आहे. १००१ = ७ × ११ × १३, म्हणून उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून आलटून पालटून अधिक-उणे करा: ७२५ − ३६ + ७८६ − ४०० + ३६८ − ८५० + ५२८ − ६०८ + ३ = ५१६. याला १३ ने भागून बाकी ९. शेवटी एक अंक जोडायचा म्हणजे आधी १० ने गुणायचं: ९०, बाकी १२. १३ ने भाग जायला जोडायचा अंक १ च हवा. पण २६ साठी शेवटचा अंक सम लागतो. संपलं.

त्रैराशिक:
टेक्स्ट करून पाहिलं, पंचवीसही पायऱ्या जुळल्या. पण दुसरी एखादी २५ अंकी संख्या पुढे वाढत असेल तर?

मूळसंख्या:
दुसरी नाहीच. १ ते ९ पासून सुरुवात करून प्रत्येक पायरीला चालणारे *सगळे* अंक जोडत जा. पहिला जुळलेला अंक घेऊन पुढे पळालात तर लवकरच वाट बंद होते. ९ अंकी अशा संख्या २४९२ निघतात. १० अंकीही २४९२च, कारण तिथे प्रत्येकीला फक्त ० जोडता येतो. पुढे भाजक १० पेक्षा मोठा, म्हणून काहींना एकही अंक चालत नाही आणि यादी आटत जाते: २० अंकी ४४, २३ अंकी ६, २४ अंकी ३, २५ अंकी ही एकटी. एकूण २०४५६ संख्या. तुमच्या प्रोग्रॅमची बेरीज एवढी आली नाही तर आधी १० अंकी यादी मोजा.