जुन्या पुस्तकांचे आकर्षण नेमके कशात असते?

रद्दीप्रेमी (प्रश्न):
गेल्या महिन्यात हुतात्मा चौकाजवळच्या पदपथावर मला एका जुन्या मराठी प्रवासवर्णनाची प्रत साठ रुपयांना मिळाली. त्याच पुस्तकाची नवी, स्वच्छ आवृत्ती दुकानात मिळते हे ठाऊक असूनही मी ही डागाळलेली प्रत उचलली. पैसे वाचवायचे नव्हते, तर मग हे कशासाठी, असे पत्नीने विचारले तेव्हा मला धड उत्तर सुचले नाही. प्रकाशनवर्षाचे पान फाटून गेले आहे; आत शाईने ‘वाढदिवसानिमित्त, ताईकडून’ एवढेच लिहिलेले आहे. आपण जुनी पुस्तके का घेता? आणि या प्रतीचे वय कसे ओळखावे?

खिळेजुळारी:
आपल्या दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचे उत्तर दडलेले आहे, असे मला वाटते. किंमत रुपये-आण्यांत छापलेली असेल, तर प्रत बहुधा १९५७ च्या आधीची, कारण त्या वर्षी एप्रिलमध्ये दशमान नाणी आली. प्रकाशकाचा पत्ता नुसता ‘पुणे २’ असा असेल, तर ती सहसा १९७२ पूर्वीची, कारण सहा आकडी पिन कोड त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला सुरू झाला. ‘नाहीं’, ‘घरांत’, ‘कां’ असे अनुस्वार दिसले, तर मजकूर साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारण्यापूर्वीच्या वळणाचा आहे. अर्थात काही मंडळी नंतरही हट्टाने तसेच लिहीत राहिली, म्हणून एवढ्या एकाच खुणेवर विसंबू नये. शेवटी पानाच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवा. खिळ्यांच्या, म्हणजे धातूची सुटी अक्षरे जुळवून केलेल्या, छपाईचा दाब कागदावर हलका उठलेला जाणवतो; ऑफसेट या नंतर रूढ झालेल्या छपाईच्या पानावर तो नसतो. नव्या आवृत्तीत मजकूर तोच असला, तरी या खुणा सहसा पुसल्या जातात, आणि मी त्यांच्यासाठीच पैसे मोजतो.

काठावरचा वाचक:
या उत्साहात एक अप्रिय बाब विसरली जाते. पदपथावरच्या विक्रीतून लेखकाला किंवा प्रकाशकाला एक पैसाही मिळत नाही. म्हणून हयात लेखकाचे पुस्तक बाजारात उपलब्ध असेल, तर मी ते नवेच घेतो आणि जुने घेण्याचा मोह अनुपलब्ध पुस्तकांसाठी राखून ठेवतो. प्रतीवर ग्रंथालयाचा शिक्का असून ‘रद्द’ किंवा ‘बाद’ अशी नोंद कोठेच नसेल, तर ती घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा; असे पुस्तक कोणाच्या तरी कपाटातून परत न गेलेले असू शकते. (माझ्याकडेही असे एक आहे, हे येथे कबूल केलेले बरे.)

कसरनाशक:
आकर्षणाविषयी वरच्या दोघांनी लिहिलेच आहे, मी फक्त जपणुकीविषयी लिहितो. लाकडाच्या लगद्यापासून केलेला स्वस्त कागद त्यातील लिग्निन आणि आम्लामुळे पिवळा पडून ठिसूळ होतो, म्हणून कोपरे दुमडू नयेत आणि फाटलेल्या पानाला चिकटपट्टी तर मुळीच लावू नये. तिचा गोंद काही वर्षांनी तपकिरी होऊन अक्षरांत उतरतो. कसर लागल्याची शंका असेल, तर प्रत इतर पुस्तकांत मिसळण्यापूर्वी प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून आठवडाभर घरच्या फ्रीझरमध्ये ठेवावी आणि बाहेर काढल्यावर ती नेहमीच्या तापमानाला आल्याखेरीज पिशवी उघडू नये.

रद्दीप्रेमी:
सर्वांचे आभार. मलपृष्ठावर भिंगाने पाहिले, तेव्हा ‘३ रु. ८ आणे’ असे पुसट दिसले, आणि पत्ता ‘पुणे २’ एवढाच आहे. अनुस्वार तर पानोपानी आहेत. पत्नीने ते शोधता शोधता पुस्तकच वाचायला घेतले आहे, त्यामुळे फ्रीझरचा बेत तूर्त लांबला आहे.