पाइप गॅस घ्यायचा का? (दोन्ही विंगनी वाचा)

सेक्रेटरी: मंडळी, गॅसची लाइन गेटपर्यंत आली आहे. पुरेशी नावं आली तरच विंगला उभा पाइप बसेल. हवं असेल त्यांनी रविवारपर्यंत फ्लॅट नंबर टाका.

बी-४०२: आमचं लिहा. मागच्या गणपतीत मोदकाचं पातेलं चढवलं आणि शेगडी विझली. नंबर लावून नऊ दिवस झाले होते. सासूबाई पासष्टीच्या, त्या ओट्याखालून भरलेला सिलिंडर ओढत होत्या. परत नको ते.

ए-१०३: दर विचारला का कुणी? माझ्या बहिणीकडे लाइन आहे. दोन महिन्यांचं बिल बघून मी गप्पच झाले.

बी-६०१: ताई, दोन महिन्यांचं बिल एका सिलिंडरशेजारी ठेवू नका. १४.२ किलोच्या सिलिंडरमधली उष्णता साधारण १८ घनमीटर पाइप गॅसमध्ये मिळते. घनमीटरचा दर १८ ने गुणा, मग सिलिंडरची पावती बघा. पाइप गॅसला जीएसटी नाही, राज्याचा व्हॅट आहे. तो एप्रिल २०२२ मध्ये साडेतेरावरून ३ टक्क्यांवर आला.
दर हलणार हे मात्र खरं. थोडा गॅस समुद्रातल्या मुंबई हाय क्षेत्राचा, उरणला उतरणारा. थोडा जहाजाने गुजरातच्या दहेज बंदरात येतो, उणे १६२ अंशाला द्रव करून, आणि त्याचे पैसे डॉलरमध्ये. देशातल्या जुन्या क्षेत्रांच्या गॅसचा दर एप्रिल २०२३ पासून कच्च्या तेलाच्या दराच्या १० टक्क्यांना बांधलाय, वर कमाल मर्यादाही आहे. त्या गॅसवर घरगुती ग्राहकांचा हक्क आधी. आणि सिलिंडरचा गॅस तरी कुठे आपला? निम्म्याहून जास्त बाहेरूनच येतो.

ए-२०५: काका, त्यापेक्षा इंडक्शन घेतलं तर?

बी-६०१: जोडीला जरूर ठेव. पण तुमचं वीजबिल १०० युनिटच्या पुढे असेल, तर इंडक्शनचं प्रत्येक युनिट वरच्या दराने पडेल. शिवाय त्यावर १६ टक्के वीज शुल्क. आधी मागची बिलं काढून बघ.

ए-१०३: आणि गळती झाली तर? घरात लहान मूल आहे माझ्या.

बी-६०१: हा गॅस हवेपेक्षा हलका, वर जातो. सिलिंडरचा जड, तो फरशीलगत साचतो. म्हणून ओट्यावरचा झरोका बंद करू नका आणि पाइप फर्निचरमागे झाकू नका. वास आला की मीटरजवळचा वॉल्व्ह बंद करायचा, दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, खिडक्या उघडायच्या. वॉल्व्ह कुठे आहे ते कामवाल्या मावशींनाही दाखवून ठेवा.

बी-४०२: शेगडी नवी घ्यावी लागेल का?

बी-६०१: नाही. नोझल बदलतात, पाइप गॅसला मोठं भोक लागतं. मेकॅनिककडूनच करून घ्या.

ए-१०३: बहिणीकडून बिलाचा फोटो मागवते आणि त्यातला दर १८ ने गुणून बघते. तोवर माझं नाव लिहू नका.

बी-४०२: ताई, फोटो इथेच टाका. मलाही बघायचंय.