म्हातारचळ : हा शब्द वाईट आहे का?

अबोली
आई ६२ची. बाबा गेल्यावर दोन वर्षं घराबाहेर पडत नव्हती, आता रोज सहाला पोहायच्या क्लासला जाते, आयुष्यात पहिल्यांदा! आनंदाच्या भरात मी फॅमिली ग्रुपवर फोटो टाकून लिहिलं, आईला म्हातारचळ लागलाय. लगेच मामाचा फोन, आईबद्दल असं घाणेरडं लिहितात का. पण आमची साताऱ्याची आजी नातवंडांत पत्ते कुटायला बसली की स्वतःलाच म्हणायची, मला मेलीला म्हातारचळ लागलाय. मग खरा अर्थ काय? आणि आई करतेय त्याला चांगला शब्द कोणता?

गवतीचहा
मामांचं बरोबर. आमच्याकडे बायकांच्या मागे लागलेल्या म्हाताऱ्यालाच म्हणतात.

खडीसाखर
नाही पटलं. चळ म्हणजे बुद्धी चळणं, बाईचा संबंध नंतर चिकटला. म्हातारपणाचे शब्द घसरतातच हो. म्हातारा आला 'महत्तर'वरून, म्हणजे मान असलेला. थेरडा 'स्थविर'वरून, पालीत थेर म्हणजे ज्येष्ठ भिक्खू. आज कुणाला थेरडी म्हणून बघा.

जुनेपान
सरळ 'हौस' म्हणा की.

गवतीचहा
तो अरबी 'हवस'वरून आलाय. मराठी शब्द विचारलाय.

जुनेपान
मग पोक्तही टाका, तो फारसी 'पुख्ता'. हिंदीत हवस म्हणजे वासना आणि आपण त्याच शब्दाने लेकीच्या डोहाळजेवणाची हौस करतो, म्हणजे शब्द वरही चढतात ना.

अबोली
आईला विचारलं. म्हणाली हौस नाही गं, हौस फिटते. पाण्यात असले की मी कुणाची कोण ते आठवत नाही. याला काय म्हणायचं? 'स्वतःचा शोध' मला भाषांतर केल्यासारखं वाटतं.

पाणकणीस
भीड चेपली म्हणा. माझ्या आईने बाबांनंतर सहा वर्षांनी टिकली लावली तेव्हा शेजारीण हेच म्हणाली, टोमणा म्हणून, पण आईला तो शब्द आवडला. २०२२ला हेरवाडच्या ग्रामसभेने कुंकू पुसायची, बांगड्या फोडायची प्रथा बंद करायचा ठराव केला, तो पेपरात वाचून ती रडली होती.

गवतीचहा
भीड चेपणं म्हणजे निर्ढावणं पण होतं. आईबद्दल मी नाही वापरणार.

खडीसाखर
विषय निघालाय तर, रुईचं बोंड फुटून पांढरं उडतं त्याला आम्ही म्हातारी म्हणतो, तुमच्याकडे काय?

गवतीचहा
म्हातारीच. पण चळाबद्दल माझं मत तेच आहे.