बुलींगला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

शाळेला अर्ज लिहायचाय, मराठीतच, आणि एका शब्दापाशी अडलेय. मुलगा सातवीत आहे. गणितात कायम पहिल्या पाचात असायचा तो सहामाहीत काठावर पास झाला, प्रगतिपुस्तकावर शेरा 'वर्गात लक्ष नसते, सारखी चुळबुळ'. ट्यूशन लावायची का यावर घरात चर्चा चालू होती आणि परवा इस्त्री करताना त्याच्या शर्टाला पाठीवर बारीक भोकं दिसली, सात-आठ, सगळी डाव्या बाजूला. खोदून खोदून विचारल्यावर कळलं की मागच्या बाकावरचा मुलगा गणपतीच्या आधीपासून रोज गणिताच्या तासाला कर्कटकाचं टोक टोचतो, हा हलला की सर ह्यालाच उभं करतात. शाळेत फोन केला तर म्हणे "अहो, मुलांची आपापसातली मस्ती असते." अर्जात काय लिहू? त्रास, मारामारी, छळ? बुलींग लिहिलं तर चालेल का?

—

ताई, दादागिरी लिहा सरळ. सगळ्यांना कळतो, पेपरात तर गुंडगिरी पण लिहितात.

—

दादागिरी नको असं मला वाटतं. दादागिरी चारचौघात होते, आवाज चढवून, सगळ्यांना दिसेल अशी, आणि इथे तर सगळं गुपचूप चाललंय. गुंडगिरी लिहिलंत तर बारा वर्षांच्या पोराला गुंड म्हणता का यावरच मुख्याध्यापक अर्धा तास घालवतील.

आपल्या भाषेतच एक सोपी परीक्षा आहे बघा. मारामारी, चिडवाचिडवी, ढकलाढकली, खेचाखेची, हे सगळे शब्द दोन्ही बाजूंनी चालणारे आहेत, म्हणजे तू मला मी तुला. पण छळाछळी कोणी म्हणतं का? जाचाजाची? असे शब्दच नाहीत कारण जाच एकाच बाजूने होतो. तुमच्या मुलाचं नेमकं तेच आहे आणि शाळा मात्र त्याला 'आपापसातली' म्हणून दोघांना सारखं करून टाकतेय, माझा खरा आक्षेप त्याला आहे. नॉर्वेत डॅन ओल्वेऊस यांनी १९७० च्या दशकापासून याच विषयावर काम केलं, त्यांच्या व्याख्येत तीन गोष्टी आहेत, मुद्दाम करणं, पुन्हा पुन्हा करणं आणि समोरच्याची ताकद कमी असणं. 'जाच' मध्ये तिन्ही येतात. सासूचा जाच म्हणतो तेव्हा तो एक दिवसाचा नसतो आणि करणारा वरचढ असतो. जाचक अट पण वरूनच येते.

आता कोणी म्हणेल जाच हा सासरचा शब्द, शाळेत कशाला. पण शब्द जागा बदलतात की. खुद्द इंग्रजीतला बुली सोळाव्या शतकात लाडाचा शब्द होता, प्रिय माणसाला म्हणायचे, नंतर पार उलटा झाला.

—

मी हायस्कूलला वीस वर्षं गणित शिकवतेय. 'आपापसातलं आहे' हे मी पण म्हटलेलं आहे, कितीतरी वेळा, आणि वरचं वाचून फार वाईट वाटलं. सरांना चुळबुळ दिसते, टोक दिसत नाही. ज्या मुलाचं अर्धं लक्ष पाठीमागे आहे त्याला फळ्यावरचं समीकरण कसं कळणार, एक पायरी हुकली की पुढचं सगळं हुकतं, मग तो हात वर करायचा बंद होतो आणि आपण लिहितो लक्ष नसते. २०१८ च्या पिसा चाचणीत (ही पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी, भारत त्यात नव्हता) महिन्यातून काही वेळा तरी असा जाच होणारी मुलं वाचनात सरासरी २१ गुणांनी मागे होती, घरची परिस्थिती हिशेबात धरून सुद्धा. आता जाचामुळे मार्क कमी की मागे पडलेल्याला जास्त जाच, दोन्ही होत असणार, पण ताईंच्या मुलाचं तर आधीचं प्रगतिपुस्तकच समोर आहे.

अजून एका शब्दावर बोलायला हवं, चहाडी. मूल सांगायला आलं की आपण म्हणतो चहाड्या करू नकोस. दुसऱ्याला अडकवायला सांगणं ती चहाडी, स्वतःला किंवा मित्राला वाचवायला सांगणं ती तक्रार, हा फरक मी पुढच्या वर्षीपासून पाचवीच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात सांगणार आहे. फिनलंडच्या किवा या शाळांमधला जाच थांबवायच्या कार्यक्रमात तर मोठा भर जाच होताना बघणाऱ्या मुलांवर आहे. तुमच्या मुलाच्या शेजारी बसणाऱ्याने नक्की पाहिलं असणार ताई, त्याला प्रेमाने विचारा.

—

रॅगिंग नाही का चालणार? १९९९ च्या महाराष्ट्राच्या कायद्यात चिडवणं, शिवीगाळ, धमकी, इजा सगळं येतं.

—

कायद्यात येतं, पण रॅगिंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर कॉलेजचं हॉस्टेल येतं, सीनियर-ज्युनियर. इथे दोघं एकाच वर्गातले आहेत. ताई, मुलगा स्वतः काय म्हणतो?

—

तो म्हणतो "मला टार्गेट करतात." मी आधी विचारलं होतं मारामारी झाली का, तर नाही म्हणाला, आणि खरंच होतं ते, त्याने हातच उचलला नव्हता. काल जाचाचा अर्थ सांगितला, तर म्हणाला हो, हेच. अर्जात असं लिहिलंय, 'माझ्या मुलाला वर्गातील एका विद्यार्थ्याकडून गणेशोत्सवाच्या आधीपासून रोज जाच होत आहे. ही आपापसातील मारामारी नाही.' बरोबर आहे?

—

'जाच होत आहे' काढा, 'एक विद्यार्थी जाच करत आहे' लिहा. होत आहे म्हटलं की पाऊस पडल्यासारखं वाटतं, करणारा दिसतच नाही. आणि जागा बदलून हवी असेल तर मागच्या बाकावरच्याची बदला म्हणावं, तुमच्या मुलाला उठवू नका.

—

बदललं. उद्या दहा वाजता जातेय, शर्ट पण सोबत नेतेय.